सूचिपर्णी वृक्षाचा कोणता भाग बाटलीत घ्यावा?

ऊतिसंवर्धन, म्हणजे वनस्पतीचा छोटा तुकडा बाटलीत निर्जंतुक पोषक माध्यमावर वाढवून त्यापासून रोपे तयार करणे, म्हटले की महाराष्ट्रात पहिल्यांदा केळीच आठवते. ग्रँड नैन जातीच्या मुनव्याचा कंद सोलत आतल्या कोवळ्या शेंड्यापर्यंत जायचे, तो निर्जंतुक करून माध्यमावर ठेवायचा आणि त्यापासून फुटव्यांची संख्या वाढवत न्यायची, ही पद्धत जळगावच्या शेतकऱ्यांनाही आता परिचयाची झाली आहे. कोणता भाग घ्यायचा हा प्रश्न केळीत केव्हाच सुटलेला आहे आणि म्हणून तिथली सगळी चर्चा माध्यम, संजीवके आणि हार्डनिंग (बाटलीतल्या रोपाला बाहेरच्या हवेची सवय लावणे) यांभोवती फिरते. पाइन, स्प्रूस, फर, लार्च यांसारख्या सूचिपर्णी वृक्षांकडे वळले की हा क्रम उलटतो. तिथे झाडाचा कोणता भाग, झाडाच्या कोणत्या वयात आणि वर्षाच्या कोणत्या आठवड्यात घेतला, यावर पुढचे जवळजवळ सगळे ठरते. ऊती चुकीची असेल तर कितीही उत्तम माध्यम वापरले तरी तिच्यातून रोप निघत नाही.

हे लिखाण मुख्यतः एम.एस्सी. आणि पीएच.डी. करणाऱ्या मुलामुलींसाठी आहे. ऊतिसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत काम करत असल्यामुळे मला त्यांचे प्रश्न येतात आणि त्यांतला पहिला प्रश्न बहुधा ‘कोणते माध्यम वापरू’ हाच असतो. एक्सप्लांट, म्हणजे बाटलीत घ्यायचा झाडाचा तुकडा, कोणता घेणार आहात असे विचारले की ‘जे मिळेल ते, नोडल सेगमेंट घेऊ’ असे उत्तर मिळते; नोडल सेगमेंट म्हणजे बगलेतल्या कळीसह कापलेला फांदीचा तुकडा. गुलाबाला किंवा निलगिरीला हे उत्तर चालून जाईल. पाइनला चालत नाही, आणि का चालत नाही हे समजून घेतल्याशिवाय या वृक्षांवर वर्षे घालवू नयेत, असे मला मनापासून वाटते.

पहिले कारण वयाचे आहे. प्रत्येक जिवंत पेशीत संपूर्ण वनस्पती घडवण्याची क्षमता असते, असे आपण पहिल्या वर्षापासून शिकतो. ते तत्त्व म्हणून खरे आहे, पण प्रत्यक्षात ती क्षमता जागी होईलच याची खात्री नसते. सूचिपर्णी वृक्षांत बालावस्थेतून प्रौढावस्थेत जाणे हा पेशींच्या वागणुकीतला खोल बदल असतो. रोपट्याच्या फांदीला मुळे फुटतात. तेच झाड पंचवीस-तीस वर्षांचे झाले की त्याच्या फांदीच्या कलमांना मुळे फुटणे अवघड होते, आणि पुष्कळ जातींत जवळजवळ थांबते. त्यात भर म्हणजे यातल्या बहुतेक वृक्षांना तोडल्यावर बुंध्यातून फुटवे येत नाहीत. साग, निलगिरी यांना धुमारे फुटतात आणि ते धुमारे तुलनेने तरुण असतात, म्हणून प्रौढ झाडाकडूनही तरुण ऊती मिळवता येते. कॅलिफोर्नियातला कोस्ट रेडवूड हा याला मोठा अपवाद. त्याच्या बुंध्याच्या गाठींतून कोंब फुटतात, आणि १९५० साली बॉल यांनी त्याच्याच ऊतीपासून वाढवलेल्या कॅलसवर, म्हणजे पेशींच्या आकारहीन गोळ्यावर, कळ्या येताना पाहिल्या, हा योगायोग मला वाटत नाही. तिसरी अडचण कळ्यांची. रुंद पानांच्या झाडात साधारणपणे प्रत्येक पानाच्या बगलेत एक कळी असते, त्यामुळे एका फांदीचे दहा-बारा नोडल तुकडे सहज पाडता येतात. सूचिपर्णी वृक्षांत बहुतेक सुयांच्या बगलेत कळी नसतेच. ‘नोडल सेगमेंट घेऊ’ हे उत्तर इथेच निकालात निघते.

या फरकाचे एक उदाहरण आपल्या पुण्याशी जोडलेले आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे आपल्या एनसीएलमध्ये, प्रमोद गुप्ता, मस्कारेन्हास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली सागाच्या ऊतिसंवर्धनाची पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात १०० वर्षे वयाच्या निवडक सागवृक्षांच्या कळ्यांपासूनही रोपे वाढवली होती. शतकभर उभ्या राहिलेल्या, उंची, सरळपणा आणि लाकूड डोळ्यांनी पारखून घेतलेल्या झाडाची हुबेहूब प्रतिकृती बाटलीत तयार होणे ही वनशास्त्राच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट होती. पुढे गुप्ता अमेरिकेत गेले आणि डॉन डर्झन यांच्याबरोबर डग्लस फर आणि शुगर पाइन यांवर काम करू लागले. १९८५ साली त्या दोघांनी प्रौढ झाडांच्या कळ्यांपासून फुटवे वाढवण्याचे काम प्रसिद्ध केले आणि त्यासाठी बेतलेले डीसीआर माध्यम आजही जगभर वापरले जाते. पण त्याच जोडीचे पुढचे आणि जास्त परिणामकारक ठरलेले काम कळ्यांवरचे नाही. १९८६ साली शुगर पाइन आणि १९८७ साली लॉबलॉली पाइन या दोन्हींत त्यांनी बियांमधल्या भ्रूणाकडे मोर्चा वळवला. सागाच्या शंभर वर्षांच्या झाडावर यश मिळवलेला संशोधक पाइनवर आल्यावर थेट बीजात शिरतो, यातच या विषयाचा मोठा भाग आला.

बीजाकडे वळण्याचे दोन रस्ते आहेत. पहिला जुना आहे. बी रुजवायचे, भ्रूणाची किंवा नुकत्याच उमललेल्या रोपट्याची बीजपत्रे कापून घ्यायची आणि सायटोकायनिन हे कोंब फुटवणारे संजीवक असलेल्या माध्यमावर ठेवून त्यांच्यावर नवे कोंब उगवू द्यायचे. १९७५ साली अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या लाँगलीफ पाइनची पूर्ण रोपे या प्रकारच्या पद्धतीने मिळाली, आणि पाइनसारख्या हट्टी वृक्षातही हे होऊ शकते हे सिद्ध झाले. मग न्यूझीलंडचा मुख्य लागवडीचा वृक्ष असलेल्या रेडिएटा पाइनवर कॅनडातल्या कॅलगरी येथे थॉर्प यांच्या प्रयोगशाळेने जे बारकाईचे काम केले, ते एक्सप्लांट निवडीचा वस्तुपाठ म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावे असे आहे.

रेडिएटा पाइनचे बी ओलसर ठेवले की काही दिवसांनी कवच टोकाशी तडकते आणि पांढरे मूळ डोकावते. त्या क्षणी बीजपत्रे अजून आतल्या पांढऱ्या पोषक गराच्या वेष्टनात गुंडाळलेली असतात. वेष्टन चिमट्याने हळूच ओढून काढले की शेंड्याभोवती गोलाकार उभ्या असलेल्या फिकट पिवळसर बीजपत्रांचा झुबका दिसतो. आपल्या हरभऱ्या-तुरीसारखी दोन नाहीत, चांगली सात-आठ असतात. ती प्रत्येकी तीन ते पाच मिलिमीटर लांबीची असताना कापून माध्यमावर आडवी ठेवली की सुमारे तीन आठवड्यांत माध्यमाला टेकलेल्या बाजूचा पृष्ठभाग खडबडीत, गाठाळ होऊ लागतो, आणि सायटोकायनिन काढून घेतल्यावर त्या गाठींतून कोंबांची दाटी वर येते. हीच बीजपत्रे आणखी काही दिवस वाढू दिली, हिरवी आणि लांब होऊ दिली, तर कोंबांची संख्या झपाट्याने घसरते. याचे कारण सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसते. नव्या कळ्या तयार होतात त्या बाह्यत्वचेत आणि तिच्या लगतच्या एक-दोन थरांत. नुकत्याच रुजलेल्या बीत त्या थरांतल्या पेशी लहान, दाट आणि विभाजनक्षम असतात. बीजपत्र लांबू लागले की त्या ताणल्या जातात, आत मोठी रिक्तिका (पाण्याची पोकळी) तयार होते, प्रकाशसंश्लेषणाचे काम सुरू होते आणि मग सायटोकायनिनचा संदेश त्यांच्यापर्यंत पोचला तरी त्याला प्रतिसाद द्यायला त्या मोकळ्या राहत नाहीत. ‘बीजपत्र’ हे उत्तर म्हणून अपुरे आहे ते यामुळेच. रुजल्यानंतर कितव्या दिवसाचे, किती लांबीचे आणि माध्यमाला कोणत्या बाजूने टेकलेले, हे सांगितल्यावरच ते उत्तर पूर्ण होते.

या मार्गाच्या मर्यादाही मोठ्या आहेत. प्रत्येक कोंब वेगळा करून लांबवावा लागतो, मग त्याला वेगळी मुळे आणावी लागतात, आणि पाइनच्या कोंबाला मूळ आणणे हे स्वतंत्र दुखणे आहे. एवढे करूनही उत्तर कॅरोलायनात लॉबलॉली पाइनच्या अशा रोपांवर १९८५ साली जे निरीक्षण प्रसिद्ध झाले ते चिंतेचे होते. भ्रूणापासून तयार केलेली ही रोपे शेतात बियांच्या रोपांपेक्षा लवकर प्रौढ झाडाची लक्षणे दाखवू लागली. सुरुवातीची ऊती कितीही कोवळी असली तरी बाटलीतला प्रवास तिचे वय वाढवू शकतो, ही गोष्ट त्यावरून ध्यानात घ्यावी.

दुसरा रस्ता कायिक भ्रूणांचा, म्हणजे फलनाशिवाय बाटलीतल्या ऊतीपासून तयार होणाऱ्या भ्रूणांचा, आणि आज सूचिपर्णी वृक्षांचे बहुतेक गंभीर काम याच रस्त्याने चालते. १९८५ हे त्याचे वर्ष. त्या एका वर्षात नॉर्वे स्प्रूसवर स्वीडनमध्ये हाकमन आणि फॉन आर्नोल्ड यांनी आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे चेकोस्लोव्हाकियात हालुपा यांनी कायिक भ्रूण मिळवले, आणि कॅनडात नागमणी व बोंगा यांनी युरोपीय लार्चमध्ये. आधी अनेक वर्षे जे घडत नव्हते ते एकाच वर्षी इतक्या ठिकाणी घडले, त्यामागे योग्य ऊतीची निवड होती असे मी मानते, कारण या सर्वांनी झाडाचे खोड, साल किंवा पान सोडून बीजाच्या आतल्या ऊतीकडे लक्ष दिले होते.

इथे पाइनच्या बीजात निसर्गतः काय चालते ते पाहणे आवश्यक आहे. पाइनच्या एका बीजांडात एकापेक्षा जास्त अंडपेशी असतात आणि त्यातल्या अनेक फलित होऊ शकतात. त्याही पुढे, प्रत्येक फलित अंडपेशीपासून तयार होणारा आद्यभ्रूण चार रांगांत विभागतो आणि त्या चार रांगा सुट्या होऊन स्वतंत्र भ्रूण म्हणून वाढू लागतात. म्हणजे फलनानंतर काही काळ एका इवल्याशा बीजात भ्रूणांची गर्दी असते. पुढे त्यातला एक प्रबळ ठरतो आणि बाकीचे मागे पडून विरून जातात. जो तंत्रज्ञ हा गर्दीचा काळ नेमका पकडतो, त्याला वेगळे काही घडवावे लागत नाही. भ्रूणांचे दुभंगत राहणे तिथे आधीच चालू असते, त्याने फक्त ते थांबू द्यायचे नसते. गुप्ता आणि डर्झन यांनी या ऊतीला भ्रूण आणि त्यांचे लांब देठ यांचा एकत्र पुंजका अशा अर्थाचे नाव दिले, ते अगदी समर्पक आहे. उशीर झाला, प्रबळ भ्रूणाला बीजपत्रे फुटली, की पाइनचे दार बव्हंशी बंद होते. पक्व बियांपासून काही जातींत यश मिळाल्याची उदाहरणे आहेत, शुगर पाइनचे उदाहरण त्यातलेच, पण नियम म्हणून पाइनमध्ये अपक्व बीजच घ्यावे.

स्प्रूस मात्र या स्पष्टीकरणात पूर्णपणे बसत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. स्प्रूसच्या बीजात असे दुभंगून अनेक भ्रूण होणे नेहमीचे नाही, तरी त्याचा पक्व भ्रूण, अगदी वर्षानुवर्षे साठवलेल्या बियांमधला भ्रूणसुद्धा, योग्य माध्यमावर कायिक भ्रूण देतो. म्हणून स्प्रूसवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेला वर्षभर प्रयोग करता येतात आणि पाइनवर काम करणाऱ्यांना उन्हाळ्यातल्या थोड्या आठवड्यांवर वर्ष काढावे लागते. एका वंशातला अनुभव दुसऱ्याला जसाच्या तसा लावण्याचा मोह इथेच आवरावा.

अपक्व शंकू हाताळणे हे प्रत्यक्षात कसे असते तेही सांगते, कारण शोधनिबंधात ते एका ओळीत उरकलेले असते. पाइनमध्ये परागण एका वर्षी होते आणि फलन साधारण वर्षभराने, म्हणून आपल्याला हवे असतात ते दुसऱ्या वर्षाचे, पूर्ण आकाराच्या जवळ पोचलेले पण अजून घट्ट मिटलेले हिरवे शंकू. ते झाडावरून उतरवायचे, धुवायचे, अल्कोहोलने पुसायचे आणि मग जाड पात्याने उभे चिरायचे. चिरताच राळ सुटते. हातमोजे, पाते, चिमटा सगळे चिकटते आणि तीव्र वास पसरतो. खवल्यांच्या तळाशी जोडीजोडीने बसलेली बीजे अजून मऊ असतात. शंकू अखंड आणि निरोगी असेल तर बीज आतून बहुतेक निर्जंतुकच असते, हा या ऊतीचा एक मोठा लाभ आहे, तरी बीजे पुन्हा निर्जंतुक द्रावणात घालून निर्जंतुक पाण्याने धुवून घेणे शहाणपणाचे. मग लॅमिनार फ्लोखाली, म्हणजे गाळलेल्या निर्जंतुक हवेच्या झोतात, कवच काढायचे. आत दुधी, ओलसर, तांदळाच्या दाण्याएवढा पोषक गर मिळतो आणि भ्रूण त्याच्या पोटात असतो. इतका कोवळा भ्रूण सुटा काढायला गेले तर तो चिरडतो, म्हणून तो गर अखंडच माध्यमावर ठेवतात. काही आठवड्यांनी, सगळे जुळून आले असेल तर, गराच्या टोकाकडील छिद्रातून पांढरट, अर्धपारदर्शक, बुळबुळीत तंतूंचा पुंजका बाहेर येऊ लागतो. त्याचा कण काचपट्टीवर घेऊन अ‍ॅसिटोकार्मिन आणि इव्हान्स ब्लू यांनी रंगवला की भ्रूणांची दाट डोकी लाल आणि त्यांचे लांबलचक देठ निळे दिसतात. हे दृश्य दिसले तरच कायिक भ्रूण मिळाले असे म्हणावे. साधा कॅलसही पांढरा आणि मऊ असू शकतो, त्याला भ्रूणजन्य ऊती समजून महिनोन्‌महिने सबकल्चर करत (ताज्या माध्यमावर हलवत) राहिलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत.

त्या पोषक गराबाबत एक इशारा देणे गरजेचे आहे. पाइनसारख्या अनावृतबीजी वनस्पतींत हा गर फलनापूर्वीच, मातृवृक्षाकडून तयार झालेला असतो आणि त्याच्या पेशींत गुणसूत्रांचा एकच संच असतो. पाइनमध्ये भ्रूणाच्या पेशीत २४ गुणसूत्रे असतील तर गराच्या पेशीत १२ असतात. लार्चवरचे १९८५ चे ते काम याच गरापासून झाले होते आणि संशोधन म्हणून अशा ऊतीचे महत्त्व मोठे आहे. पण लागवडीसाठी रोपे हवी असतील तर बाहेर आलेली ऊती भ्रूणाची आहे की गराची, हे गुणसूत्रे मोजून किंवा पेशीतल्या डीएनएचे प्रमाण तपासून पक्के करावे.

शंकू केव्हा उतरवायचे याला कॅलेंडर उपयोगी पडत नाही. अमेरिकेच्या आग्नेय भागात लॉबलॉली पाइनसाठी सर्वसाधारणपणे जुलै महिना धरतात, पण एखाद्या वर्षी वसंत लवकर तापला तर भ्रूण पुढे गेलेले असतात. म्हणून त्या काळात दर आठवड्याला काही शंकू आणून, भ्रूण उघडून, सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची अवस्था ठरवतात आणि त्यावरून मुख्य तोडणी करतात. भ्रूणाच्या आकारावरून अवस्थांना क्रमांक देण्याची पद्धत तिथे रूढ झाली आहे, आणि एखाद्या नव्या जातीवर काम करणाऱ्याने माध्यमांचे तक्ते करण्याआधी आपल्या जातीसाठी अशी चित्रमालिका तयार करावी, असा माझा आग्रह असतो. मातृवृक्षाचाही प्रभाव फार मोठा असतो. शेजारी उभ्या असलेल्या, एकाच जातीच्या दोन झाडांपैकी एकाची बीजे भरभरून प्रतिसाद देतात आणि दुसऱ्याची अजिबात देत नाहीत, आणि हा फरक परागदात्यापेक्षा मातेकडून जास्त येतो असे बहुतेक पाइनमध्ये दिसले आहे. एकाच झाडाचे शंकू घेऊन ‘ही जात प्रतिसाद देत नाही’ असा निष्कर्ष काढणे म्हणूनच अन्यायाचे ठरते.

आता या विषयातला खरा पेच. बीजातला भ्रूण सहज प्रतिसाद देतो, पण ते बीज म्हणजे दोन पालकांचा नवा संकर असतो आणि तो वाढून कसा होईल हे कोणालाच माहीत नसते. ज्या झाडाची योग्यता आपल्याला माहीत आहे ते वीस-तीस वर्षांचे उभे आहे, आणि त्याच्या ऊती प्रतिसाद द्यायला तयार नाहीत. सागात हा पेच नव्हता. पाइन आणि स्प्रूसमध्ये तो सोडवला गेला तो वेगळ्याच बाजूने, आणि ही युक्ती मला फार आवडते. भ्रूणजन्य ऊती द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंश सेल्सिअसला गोठवून ठेवायची. तिथे तिचे वय वाढत नाही. त्याच ऊतीच्या एका हिश्श्यापासून रोपे तयार करून ती शेतात लावायची आणि वर्षानुवर्षे त्यांची वाढ, लाकूड आणि रोगप्रतिकार पाहायचा. परीक्षेत उतरलेल्या वाणाची मूळ ऊती मग नायट्रोजनमधून काढून तिच्यापासून हवी तेवढी रोपे वाढवायची. झाड शेतात प्रौढ झालेले असते आणि त्याचे बालपण टाकीत सुरक्षित असते. कॅनडातला व्हाइट स्प्रूस, न्यूझीलंडमधला रेडिएटा पाइन आणि अमेरिकेतला लॉबलॉली पाइन यांची वाणनिहाय लागवड याच विचारावर उभी राहिली.

तरीही प्रौढ झाडाच्या कळीचे आकर्षण सुटत नाही, आणि सुटू नये. झाड आधीच उभे आहे, त्याच्या बिया गोठवून ठेवायला कोणी नव्हते, आणि आज तेच झाड हवे आहे, अशी परिस्थिती वारंवार येते. २०११ साली कॅनडात क्लिमाझेव्स्का आणि सहकाऱ्यांनी दहा वर्षे वयाच्या व्हाइट स्प्रूसच्या कळ्यांमधल्या आद्य अंकुरापासून कायिक भ्रूण आणि त्यांपासून रोपे मिळवली, आणि २०१८ साली फिनलंडमधून नॉर्वे स्प्रूसचे असेच काम प्रसिद्ध झाले. दोन्ही ठिकाणी घेतलेली ऊती ‘कळी’ एवढ्या शब्दाने सांगता येणार नाही. कळीचे खवले काढून टाकल्यावर आत पुढच्या हंगामाचा संपूर्ण कोंब सूक्ष्म रूपात घडी घालून बसलेला असतो. तो उमलण्याआधी काढून घ्यावा लागतो. आणखी एक गोष्ट वाचताना निसटू नये. दोन्ही ठिकाणची दाती झाडे स्वतःच कायिक भ्रूणांपासून वाढवलेली होती आणि प्रतिसाद मोजक्याच वाणांनी दिला. जंगलातल्या शंभर वर्षांच्या झाडाला हा निष्कर्ष लावता येत नाही.

पाइनच्या प्रौढ झाडांच्या कोंबांपासून कायिक भ्रूण मिळाल्याचे दावे अनेक जातींबाबत झालेले आहेत, आपल्याकडच्या हिमालयीन आणि ईशान्येकडच्या पाइनांबाबतही. अशा कामात मिळालेली रोपे दात्या झाडाशी डीएनए चिन्हकांनी जुळवून दाखवली आहेत का, हे मी सर्वांत आधी पाहते, कारण ज्या प्रयोगशाळेत त्याच जातीच्या बीजांपासूनची ऊतीही वाढते आहे तिथे बाटल्यांची अदलाबदल होण्याची शक्यता कायम असते. जुळणी दाखवलेली नसेल तर त्या पद्धतीवर आपले संशोधन उभारण्याची घाई करू नये.

प्रौढ कळी घ्यायचीच असेल तर तिच्या अडचणी माहीत असाव्यात. उघड्यावर वर्षानुवर्षे राहिलेल्या कळीच्या खवल्यांत आणि कधी कधी ऊतीच्या आतही बुरशी आणि जिवाणू वस्तीला असतात; मर्क्युरिक क्लोराइडने वरचे मरतात, आतले दुसऱ्या आठवड्यात डोके वर काढतात. काप घेतला की फिनॉल सुटतात, माध्यम तपकिरी पडते आणि ऊती काळवंडते. वारंवार ताज्या माध्यमावर हलवणे आणि कोळशाची भुकटी वापरणे यांनी हे कमी होते, थांबत नाही. फांदी झाडावर कुठे होती, हेही महत्त्वाचे. ऑस्ट्रेलियाजवळच्या नॉरफोक बेटावरचा अरॉकेरिया, जो आपल्याकडे ख्रिसमस ट्री म्हणून कुंड्यांत विकला जातो, त्याच्या बाजूच्या फांदीचे कलम लावले तर ते जन्मभर आडवेच वाढत राहते, सरळ उभे झाड होत नाही. शेंड्याचा कोंब लावला तरच ते उभे राहते. प्रौढ ऊतीला पुन्हा तरुण करण्याचे उपायही आहेत. रेडवूडमध्ये प्रौढ कोंबाचा शेंडा बाटलीतल्या कोवळ्या रोपावर कलम करायचा, त्याला आलेला कोंब पुन्हा नव्या रोपावर, असे लागोपाठ केल्यावर मुळे फुटण्याची क्षमता परत येते, हे १९९२ साली व्यवस्थित दाखवले गेले. हा मार्ग कष्टाचा आहे, पण एखादे विशिष्ट झाडच वाचवायचे असेल तर मी प्रथम याच मार्गाचा विचार करीन.

वाचवण्याचा विषय निघाला म्हणून फ्लोरिडा टोरेयाबद्दल लिहिते. अमेरिकेत फ्लोरिडा आणि जॉर्जिया यांच्या सीमेवर अपलाचिकोला नदीच्या कडेकपारीत एवढ्याशा भागात हा वृक्ष नैसर्गिकरीत्या उगवतो. विसाव्या शतकाच्या मध्यावर रोगाने त्याची दाणादाण उडाली आणि आज जंगलात उरली आहेत ती बहुतेक बुंध्यातून पुन्हा फुटलेली, बी धरण्याच्या वयाला न पोचणारी खुरटी झाडे. त्याचे बी वाळवले की मरते, म्हणून नेहमीच्या बीजपेढीत ते ठेवता येत नाही. अशा वृक्षासाठी जॉर्जिया टेकमध्ये पुलमन यांच्या गटाने बागेत जतन केलेल्या झाडांच्या बीजांपासून कायिक भ्रूणांची पद्धत बसवली आणि ती ऊती द्रव नायट्रोजनमध्ये साठवूनही दाखवली. उत्पादनाचा इथे प्रश्नच नव्हता. जितक्या वेगवेगळ्या मातृवृक्षांची बीजे मिळतील तितकी हवी होती, एकेका वाणापासून लाखो रोपे नको होती. उद्देश बदलला की एक्सप्लांट निवडण्याची कसोटीही बदलते. लागवडीसाठी आपण प्रतिसाद देणारी थोडी कुळे (एकेका मातृवृक्षाची संतती) निवडतो, संवर्धनासाठी मात्र प्रतिसाद न देणाऱ्या कुळांवरच जास्त वेळ द्यावा लागतो, नाहीतर प्रयोगशाळाच नकळत जातीची विविधता गाळून टाकते.

आपल्या देशात चीड पाइनवर एनसीएलमध्येच २००० सालच्या सुमारास अपक्व भ्रूणांपासून कायिक भ्रूणांचे काम झाले, म्हणजे पुण्यात बसून हिमालयातल्या झाडावर काम करता येते हे दिसलेले आहे. माझ्या मते आता जास्त निकड आहे ती चिलगोजाची. हिमाचलातल्या किन्नौरमध्ये या पाइनच्या बिया म्हणजे लोकांच्या उत्पन्नाचे साधन आहे, आणि शंकू जवळजवळ सगळे उतरवले जात असल्यामुळे जंगलात नवी रोपे फारशी दिसत नाहीत. या झाडावर काम करू इच्छिणाऱ्याने बाजारातून चिलगोजे आणून सुरुवात करू नये. शंकू तिथे शरदाच्या सुमारास पिकतात, आणि ते पिकेपर्यंत आपल्याला हवा असलेला भ्रूण कधीच पुढे निघून गेलेला असतो. गावाच्या हक्काची झाडे असतात, त्यामुळे हिरवे शंकू उतरवण्यासाठी वनखात्याइतकीच गावाची संमती घ्यावी लागते आणि त्या शंकूंचा मोबदलाही द्यायला हवा, कारण ते त्यांच्या हंगामातून वजा होतात. उन्हाळ्याच्या सुरुवातीपासून दर आठवड्याला प्रत्येक खुणेच्या झाडाचे दोन-तीन शंकू उघडून भ्रूण पाहावेत. शंकू थंड पेटीत घालून आणावेत. आणि प्रत्येक बाटलीवर माध्यमाच्या नावाआधी मातृवृक्षाचा क्रमांक, शंकू उतरवल्याची तारीख, जागेची उंची आणि त्या दिवशी दिसलेली भ्रूणाची अवस्था लिहावी. पहिल्या हंगामात एकही रोप मिळाले नाही तरी या चार नोंदी पुढच्या हंगामाची तोडणी कोणत्या आठवड्यात करायची ते सांगतील.